६१७४ : देवळालीच्या मास्तरांनी जगाला दिलेला आकडा

सोलापूर : मोबाईलमधला कॅल्क्युलेटर उघडा आणि आपल्या गाडीच्या नंबरप्लेटवरचे शेवटचे चार आकडे घ्या. समजा ५७४६ आहेत. हेच आकडे मोठ्याकडून लहानाकडे मांडले की ७६५४ होतात, लहानाकडून मोठ्याकडे मांडले की ४५६७. वजाबाकी करा, ३०८७ येतात. आता ३०८७ चंही तसंच करा : ८७३० वजा ०३७८, म्हणजे ८३५२. पुन्हा एकदा : ८५३२ वजा २३५८, म्हणजे ६१७४. इथून पुढं कितीही वेळा करा, ६१७४ च येणार!

उत्तर तीन आकडी आलं तर पुढं शून्य लावायचं. चारही आकडे सारखे नसले, की कुठलाही नंबर जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ वर येऊन थांबतो.

ही गंमत शोधणारे होते दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. नाशिकजवळच्या देवळालीतले शाळामास्तर.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद. त्यातली आकडेमोड बघता बघता पोराला आकड्यांची गोडी लागली. शाळा ठाण्यात झाली, पुढं पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज. १९२७ मध्ये गणितासाठी रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. १९२९ ला बी.एस्सी. झाले आणि पुढच्याच वर्षी देवळालीच्या शाळेत रुजू झाले. १९६२ ला निवृत्त होईपर्यंत तिथंच शिकवलं.

सोलापूरहून मुंबईला रेल्वेनं जाताना कल्याण सोडलं की डोंबिवली लागतं. या स्टेशनचं जुनं नाव डेमलो. तिथं मास्तरांना एक कल्पना सुचली. २५५३ हा आकडा बघा : पहिला २ आणि शेवटचा ३ मिळवले की ५, आणि मधे ५ च आहेत. अशा आकड्यांना त्यांनी स्टेशनवरून डेमलो संख्या असं नाव दिलं. आणखी काही आकड्यांना देवळालीचं नाव दिलं.

त्यांच्याच नावानं ओळखल्या जाणाऱ्या कापरेकर संख्याही आहेत. ४५ ला ४५ नं गुणा, २०२५ येतात. आता २० आणि २५ मिळवा, परत ४५!

पण त्या काळात आपल्याकडच्या बऱ्याच गणितज्ञांना हा पोरखेळ वाटायचा. पुढची डिग्री नाही, विद्यापीठात जागा नाही, मग शाळामास्तराला विचारणार कोण? कापरेकरांनी ते मनाला लावून घेतलं नाही. शोधांच्या पुस्तिका स्वतःच छापल्या. गणिताच्या परिषदांना जात राहिले. ६१७४ चा शोध त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या परिषदेत मांडला, तरी फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

निवृत्तीनंतर पेन्शनीत भागेना. १९६६ ला पत्नी गेली. मास्तर शिकवण्या घेऊन घर चालवत होते, आणि वेळ मिळाला की आकडे मांडत होते.

अखेर मार्च १९७५ मध्ये अमेरिकेतल्या सायंटिफिक अमेरिकन या मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात कापरेकरांच्या कामावर लिहिलं. तेव्हा कुठं जगाला देवळालीचे मास्तर कळले. मद्रासच्या परिषदेला २६ वर्षं उलटली होती. मास्तरांचं वय होतं ७०.

१९८६ मध्ये ते गेले. आज ६१७४ ला जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात.

घरात गणिताला घाबरणारं पोरगं असेल तर आज रात्री जेवण झाल्यावर त्याला जवळ बसवा. चार आकडे त्यालाच निवडू द्या आणि वजाबाक्याही त्यालाच करू द्या. आणि एखादं पोरगं वहीच्या मागच्या पानावर आकड्यांशी खेळताना दिसलं, तर ओरडू नका. कापरेकर मास्तरांचं सगळं काम अशाच खेळातून झालं.