परवाना क्रमांक एक

उद्योगपती म्हणून जे. आर. डी. टाटा सर्वांना ठाऊक आहेत. परंतु त्यांचा जीव खरा रमला तो आकाशात. 29 जुलै 1904 रोजी पॅरिस येथे त्यांचा जन्म झाला. पंधराव्या वर्षी ते फ्रान्समध्येच प्रथम विमानात बसले आणि वैमानिक होण्याचे त्यांनी मनाशी ठरविले. केंब्रिजला शिकण्याची इच्छा मात्र अपुरी राहिली. 1925 मध्ये वडिलांनी त्यांना मुंबईस कामावर बोलावून घेतले. पदवी नसल्याची खंत त्यांना जन्मभर होती.

मुंबईच्या फ्लाइंग क्लबमध्ये शिकून 10 फेब्रुवारी 1929 रोजी त्यांनी भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळविला. 15 ऑक्टोबर 1932 रोजी कराचीहून टपाल घेऊन ते अहमदाबादमार्गे मुंबईस जुहूला उतरले. विमानात रेडिओ नव्हता. वारा विमानाला किती बाजूस ढकलील, इंधन कोठवर पुरेल, याचे गणित वैमानिकालाच करावे लागे. वयाच्या 78 व्या वर्षी, 1982 मध्ये, त्यांनी तोच प्रवास पुन्हा केला. 29 नोव्हेंबर 1993 रोजी जिनीव्हा येथे त्यांचे निधन झाले.

खाजगी वैमानिकाच्या लेखी परीक्षेस आजही दिशादर्शन, हवामानशास्त्र, हवाई नियम व विमानाची माहिती हेच विषय असतात. उत्तीर्ण होण्यास 70 टक्के गुण लागतात. उड्डाणाचा खर्च मोठा आहे, हे खरे. पण या परवान्यास शिक्षणाची अट दहावीचीच आहे. तामलवाडीच्या कला शाखेतील विद्यार्थ्यालाही ही पुस्तके आजच उघडता येतील.