सुरतेच्या डॉक्टरीणबाई रखमाबाई

नवापूर, अक्कलकुवा, धडगाव ह्या बाजूच्या मंडळ्यांतून हल्ली पुष्कळ मुली परिचारिकेचे व प्रसाविकेचे शिक्षण घेण्यास जाऊ लागल्या आहेत, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु त्या प्रमाणपत्र घेऊन गावी परत आल्या म्हणजे घरोघर त्यांची दुसरी परीक्षा सुरू होते. जिची स्वतःची कूस उजवली नाही तिला बाळंतपणातले काय कळणार, असे वडील बाया उघड बोलतात, आणि उपदेशकांच्या घरांतही हे बोलणे आम्ही ऐकिले आहे. म्हणून आज आम्ही वाचकांपुढे एका अशा बाईचे चरित्र ठेवीत आहो, की जिला स्वतःचे मूल नव्हते, तरी जिने सुमारे पस्तीस वर्षे बायकांच्या दुखण्याबाणण्यांत व बाळंतपणांत घालविली.

रखमाबाईंचा जन्म मुंबईत २२ नोव्हेंबर १८६४ रोजी सुतार ज्ञातीत झाला. त्यांच्या आईचे नाव जयंतीबाई व वडिलांचे जनार्दन पांडुरंग. जयंतीबाईंचे लग्न चौदाव्या वर्षी झाले, पंधराव्या वर्षी त्यांस ही मुलगी झाली व सतराव्या वर्षी वैधव्य आले. त्या ज्ञातीत पुनर्विवाहास मनाई नव्हती. तेव्हा काही वर्षांनी त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन ह्या विधुर गृहस्थांशी लग्न केले. नवऱ्याची मिळकत त्यांनी त्यापूर्वीच मुलीच्या नावे करून दिली होती. ही मिळकत पुढे फार अनर्थास कारण झाली.

सखाराम अर्जुन हे ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवीत असत. वनस्पतींचाही त्यांस मोठा नाद होता, आणि १८८३ साली मुंबईत निसर्गाच्या अभ्यासाकरिता जी संस्था निघाली तिच्या स्थापकांत ते होते. अशा विद्वान गृहस्थाच्या घरातही मुलीचे लग्न मात्र अकराव्या वर्षी होऊन गेले! वर दादाजी भिकाजी हा एकोणीस वर्षांचा, डॉक्टरांच्याच नात्यातला. त्याने शिकावे, भला माणूस व्हावे, असे ठरले होते. ते त्याच्या हातून झाले नाही. मुलगी वयात आली तेव्हा तिला नवऱ्याच्या स्वाधीन करावी असा तगादा लागला. डॉक्टरांनी साफ नकार दिला. इतक्या कोवळ्या वयात मुलीने आई होणे बरे नाही, असे त्यांचे वैद्याच्या नात्याने मत होते.

येथे आमच्या उपदेशक बंधूंनी क्षणभर थांबावे. कोवळ्या मुलीच्या कमरेचा हाडांचा सांगाडा पुरता रुंद झालेला नसतो. मूल आत वाढते, पण वाट अरुंद असल्यामुळे अडून बसते. मग कळा दोन दोन दिवस चालून मूल मरते आणि कधी आईही मरते, किंवा जगली तर जन्माची अधू होते. कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय आज अठरा आहे. तरी आमच्याच जिल्ह्यात ते वय पुरे न झालेल्या मुलींची लग्ने लागतात, आणि मंडळीतल्या पंचांना ती ठाऊक असतात. जी गोष्ट सखाराम अर्जुन ह्यांनी दीडशे वर्षांपूर्वी धरून ठेविली तिच्यावरून आम्ही आजही भांडत आहो.

रखमाबाई शाळेत फार दिवस गेल्या नाहीत. घरी राहूनच त्या शिकल्या. फ्री चर्च मिशनच्या पुस्तकालयातून पुस्तके आणून त्या वाचीत असत. एखाद्या मिशनची कपाटात ठेविलेली पुस्तके कोणाच्या हाती जातील व काय काम करितील, हे ती ठेवणाऱ्यास कळत नाही. प्रार्थना समाजाच्या सभांस आणि आर्य महिला समाजातही त्या जात असत. त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत, हेही येथेच सांगून टाकितो. चरित्र लिहिताना माणूस आपल्या बाजूस ओढून घेणे आम्हांस बरे दिसत नाही.

१८८४ साली दादाजीने मुंबईच्या हायकोर्टात फिर्याद लाविली, की बायको नांदावयास पाठवावी. २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे ह्यांनी ती काढून टाकिली. अजाण वयात जिचे लग्न लावून दिले आणि जी कधी नांदावयास गेलीच नाही, त्या बाईस बळजबरीने पाठविता येत नाही, असे त्यांचे मत पडले. त्याच वर्षी सखाराम अर्जुन वारले होते, म्हणजे पाठीराखा गेला होता. रखमाबाईंनी नाव न देता, एक हिंदू स्त्री एवढीच सही करून, बालविवाह व सक्तीचे वैधव्य ह्यांविषयी टाइम्स ऑफ इंडिया पत्रात लेख लिहिले आणि त्यांनी मोठी खळबळ उडाली. दादाजीने अपील केले; वरच्या न्यायाधीशांनी पहिला निकाल फिरविला. शेवटी ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन ह्यांनी हुकूम केला, की एक महिन्याच्या आत नवऱ्याकडे जावे, नाही तर सहा महिने तुरुंगात बसावे. रखमाबाईंनी कळविले की, आम्ही तुरुंग पत्करितो.

ह्याच्याच आठवडाभर आधी, २६ फेब्रुवारीस, आनंदीबाई जोशी पुण्यास निवर्तल्या होत्या. अमेरिकेतून डॉक्टरीची पदवी घेऊन आल्यास त्यांस अवघे काही महिने झाले होते, व रोग्यांची सेवा करण्याची पाळी त्यांच्यावर आलीच नाही. महाराष्ट्रातील एक शिकलेली बाई अशी गेली आणि दुसरीपुढे तुरुंगाचे दार उघडे होते.

दादाजीने ज्या कायद्याचा आधार घेतला तो हिंदू धर्मशास्त्रातला नव्हता. नांदावयास पाठविण्याचा दावा ही मूळ इंग्लंडातील चर्चच्या न्यायालयांची रीत, आणि ती इंग्रजांनी ह्या देशात आणिली. पिन्हे ह्यांनी हे निकालात दाखविले होते. आपल्या धर्माचे रक्षण होत आहे असे ज्यांस वाटले, त्यांनी दुसऱ्याच देशाचे हत्यार उचलिले होते. आणि ते हत्यार मूळ चर्चच्या घरचे असल्यामुळे आम्हांसही ह्यात मान वर करून बोलण्यास जागा नाही.

देश दोन तटांत वाटला गेला. टिळकांनी रखमाबाईंच्या विरुद्ध लिहिले. बेहरामजी मलबारी ह्यांनी त्यांची बाजू घेतली. पंडिता रमाबाई तेव्हा अमेरिकेत होत्या. १८८७ साली तेथे छापलेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी ह्या खटल्याची हकीकत घातली. १८८८ साली तडजोड झाली आणि दोन हजार रुपये घेऊन दादाजीने दावा सोडिला. रखमाबाई तेविशीत होत्या. त्या मोकळ्या झाल्या खऱ्या, परंतु करावयाचे काय?

मुंबईत कामा हॉस्पिटल नुकतेच, १८८६ साली, सुरू झाले होते. तेथील प्रमुख डॉक्टर एडिथ पीची बाई होत्या. एडिंबरो येथे मुलींस डॉक्टरी शिकू द्यावी म्हणून ज्या थोड्या स्त्रिया झगडल्या त्यांपैकी त्या एक. वेळेवर बाईमाणूस डॉक्टर न मिळाल्यामुळे ह्या देशात किती बायका मरतात हे त्या रोज पाहत होत्या. त्यांनी रखमाबाईंस इंग्लंडात जाऊन शिकण्याचा आग्रह केला. पैसा वर्गणीतून उभा राहिला. त्यांत इंदूरच्या होळकरांचे पाचशे रुपये होते. १८८९ साली त्या निघाल्या. लंडनमध्ये वॉल्टर व ईव्हा मॅक्लारेन ह्या दांपत्याने त्यांस आश्रय दिला.

लंडन येथील स्त्रियांच्या वैद्यक शाळेची स्थापना १८७४ साली झाली होती. परंतु शाळा शिकवी, सनद देऊ शकत नसे. सनद देणाऱ्या संस्थांपुढे वेगळी परीक्षा द्यावी लागे, आणि त्या संस्थांची दारे बायकांना बंद होती. १८७६ साली पार्लमेंटाने कायदा करून बायकांस परीक्षेस बसविण्याची मुभा दिली. त्यानंतर प्रथम आयर्लंडातील वैद्यांच्या कॉलेजाने दार उघडिले. रॉयल फ्री हॉस्पिटलाने १८७७ साली त्यांना खाटांजवळ येऊ दिले. म्हणजे रखमाबाई गेल्या तेव्हा वाट पडून उणीपुरी बारा वर्षे झाली होती. त्यांस शरीररचना, औषधी, शस्त्रक्रिया आणि प्रसूतिशास्त्र हे सर्व परक्या भाषेत शिकावे लागले. प्रसूतीचे काम नुसते पुस्तकातून येत नाही. जाणत्याच्या नजरेखाली बाळंतपणे स्वतः हाताळावी लागतात, मूल आडवे आहे की पायाळू आहे हे पोटावर हात ठेवून ओळखावे लागते, केव्हा थांबावे व केव्हा हात घालावा हे शिकावे लागते. १८९४ साली हे सर्व पार पाडून रखमाबाई डॉक्टर झाल्या. त्याच वर्षी लुधियान्यास एडिथ ब्राउन बाईंनी ख्रिस्ती स्त्रियांकरिता वैद्यक शाळा काढिली.

१८९५ च्या सुमारास त्या सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात मुख्य डॉक्टर म्हणून रुजू झाल्या, आणि सुमारे बावीस वर्षे तेथे राहिल्या. सुरत आमच्या लोकांस परकी नव्हे. ऊसतोडीला, कापडाच्या गिरण्यांत, दवाखान्यात, आमची माणसे तिकडेच जातात. ताप्ती व्हॅलीची रेल्वे सुरतेहून नवापूर व नंदुरबारकडे आली ती १९०० च्या सुमारास, म्हणजे रखमाबाईंच्याच दिवसांत. त्या वेळी हा सर्व मुलूख खानदेश जिल्ह्यात मोडत असे. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो १९९८ साली.

त्या काळचे बाळंतपण कसे असे? खोली अंधारी, खिडकी बुजविलेली, आत शेगडीचा धूर. बाळंतीण विटाळाची, म्हणून तिच्या अंगाखाली घरातले सर्वांत मळके चिरगूट. सुईण एका घरातून उठून दुसऱ्या घरात जाई व हात तसेच आत घाली. व्हिएन्ना शहरी सेमेलवाइस नावाच्या डॉक्टराने १८४७ साली दाखविले होते, की हात चुन्याच्या क्लोरिनच्या पाण्याने धुतले असता बाळंतज्वराने मरणाऱ्या बायकांची संख्या झपाट्याने उतरते. रखमाबाई लंडनला शिकत होत्या तेव्हा हे ज्ञान शाळेत पक्के झाले होते. खेड्यात ते पोचण्यास फार काळ लागला. नाळ विळ्याने किंवा बांबूच्या कामटीने कापीत, वर राख किंवा शेण लावीत. माती व शेण ह्यांत धनुर्वाताचे बीज असते. त्यामुळे बाळ पाच-सात दिवसांनी दूध ओढीनासे होई, अंग ताठ होई आणि मरे. लोक म्हणत, पाचवीला सटवाईने असेच लिहिले होते. उकळलेले पाते, उकळलेला दोरा आणि आईस टोचलेली लस ह्यांपुढे सटवाईचे लिहिणे टिकले नाही. आईचा व नवजात बाळाचा धनुर्वात भारतातून हटल्याचे २०१५ साली जाहीर झाले.

१९०३ साली लेडी कर्झन ह्यांनी गावोगावच्या सुइणींस शिकविण्याकरिता निधी उभारिला. पण जुन्या सुइणी शिकावयास सहसा येईनात, कारण दिवसाची मिळकत बुडे, आणि जे आजीपासून येते ते परक्या बाईने काय शिकवावे, असा त्यांचा सवाल. आम्हांस त्यांचा राग येत नाही. रात्री बेरात्री डोंगर चढून जाणारी तीच एकटी होती. तिला हसून नव्हे, तर शेजारी बसवून शिकविणारी बाई हवी होती, आणि तशा बाया तयार होण्यास आधी रखमाबाईंसारख्या डॉक्टरीण व्हाव्या लागल्या.

प्लेगच्या साथीत केलेल्या कामाबद्दल सरकारने त्यांस कैसर-इ-हिंद पदक दिले. १९०४ साली दादाजी वारला. ज्याच्या घरी त्या एक दिवस नांदल्या नाहीत, त्याच्या मागे त्यांनी विधवेचे पांढरे लुगडे नेसण्यास सुरुवात केली. ह्याचा अर्थ पुष्कळांनी पुष्कळ प्रकारे लाविला आहे. आम्हांस तो लागत नाही.

पुढे सरकारच्या स्त्री-वैद्यक सेवेत येण्याचे बोलावणे त्यांस आले होते. ते न स्वीकारिता त्या १९१८ साली राजकोटच्या स्त्रियांच्या रुग्णालयात गेल्या व १९३० च्या सुमारास कामावरून निवृत्त होऊन मुंबईस राहिल्या. निवृत्तीच्या सुमारास त्यांनी पडदा मोडून टाकावा असे सांगणारे एक लहान पुस्तक लिहिले.

नांदावयास न गेल्याबद्दल बायकोस कैद करण्याची तरतूद १९२३ साली कायद्यातून गेली. दाव्याची वाट मात्र मोडली नाही; १९५५ च्या मे महिन्यात झालेल्या हिंदू विवाह कायद्यातही ती राहिली. त्याच वर्षी २५ सप्टेंबर रोजी मुंबईस, नव्वद वर्षे पुरी होऊन गेली असता, रखमाबाई वारल्या.