पेशवे दरबारातील स्कॉटिश कुंचला

कॅमेऱ्याचा शोध लागण्यापूर्वी माणसाची पत-प्रतिष्ठा पुढच्या पिढ्यांपर्यंत पोहोचवण्याचे काम व्यक्तिचित्रे करीत. अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये उमरावाच्या चित्रात भव्य खांब, मखमली पडदा आणि मागे दूरवर पसरलेली जमीनदारी दिसे. याच परंपरेत वाढलेल्या जेम्स वेल्सला पुण्यात मात्र मानमरातबाची निराळीच परिभाषा समजून घ्यावी लागली.

वेल्सचा जन्म १७४७ मध्ये स्कॉटलंडमधील पीटरहेड येथे झाला. चित्रकला तो बव्हंशी स्वतःच शिकला. १७९१ मध्ये तो मुंबईत आला आणि पुढच्याच वर्षी कंपनी सरकारचा पुण्यातील वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने पेशवे दरबारात पोहोचला.

१७९२ मध्ये त्याने सवाई माधवराव व नाना फडणवीस यांचे एकत्रित चित्र काढले. येथे ना खांब, ना जमीनदारी. कोणी कोठे बसावे, कोणी मागे उभे राहावे, कोणाच्या अंगावर किती जडजवाहीर असावे, यातूनच दर्जा ठरतो. १८ वर्षांचे पेशवे रत्नामोत्यांनी मढलेले आहेत. शेजारी कृश देहयष्टीचे नाना साध्या शुभ्र वेशात आहेत. सेवक मागे उभे आहेत. मान पेशव्यांचा आहे. कारभाराची सूत्रे मात्र त्या साध्या वेशातील मुत्सद्द्याच्या हाती होती, हे इतिहास जाणणाऱ्याच्या सहज ध्यानात येते. महादजी शिंदे यांचेही चित्र वेल्सने काढले.

फेब्रुवारी १७९४ मध्ये महादजी वारले. ऑक्टोबर १७९५ मध्ये शनिवारवाड्यातील कारंज्यावर पडून झालेल्या जखमांनी सवाई माधवरावांचा अंत झाला. त्यानंतर काही आठवड्यांतच, नोव्हेंबरमध्ये, साष्टीतील लेण्यांची रेखाटने करताना आजारी पडलेला वेल्सही गेला. १७९९ मध्ये त्याची कन्या सुसॅना हिचा मॅलेटशी विवाह झाला. पुण्यातील दरबाराचे जे भव्य चित्र वेल्सच्या हातून राहून गेले, ते त्याच्याच रेखाटनांच्या आधारे टॉमस डॅनियलने १८०५ मध्ये साकारले.

पुढे १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. १८२८ मध्ये शनिवारवाड्यातील महाल आगीत भस्मसात झाले. ज्या मानपानासाठी दरबारात एवढा कटाक्ष असे, ते दाखवणारे आसन आणि ते महाल काळाच्या उदरात गडप झाले. आज सवाई माधवराव आणि नानांचे चेहरे डोळ्यांसमोर येतात, ते प्रामुख्याने या परक्या चित्रकाराने टिपले म्हणून.