मावळतीच्या लाटांचा फोटोवाला

समुद्रकिनारी सूर्य बुडायला लागला की खिशातला मोबाईल आपोआप बाहेर येतो. त्यात समोर कुणी सर्फिंग करत असेल तर विचारायलाच नको! पण घरी येऊन फोटो बघावा, तर सर्फर मुंगीएवढा. यावर तोडगा काढणारा पठ्ठ्या म्हणजे अमेरिकेचा टॉम ब्लेक. गोष्ट जवळपास शंभर वर्षांपूर्वीची.

१९०२ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात जन्मलेल्या टॉमची आई तो वर्षाचा व्हायच्या आत क्षयानं गेली. पोरगा नातेवाइकांकडे वाढला. १९२० मध्ये डेट्रॉइटच्या एका थिएटरात त्याला हवाईचा ऑलिम्पिक जलतरणपटू आणि सर्फर ड्यूक कहानामोकू भेटला. दोघांनी हात मिळवला, बस्स. पण समुद्रापासून लांब वाढलेल्या टॉमला तेवढं पुरलं. १९२४ मध्ये तो थेट हवाईला जाऊन धडकला.

पुढे त्यानं ड्यूककडूनच एक ग्राफ्लेक्स कॅमेरा विकत घेतला. मोठ्ठं धूड ते! त्याच्यासाठी टॉमनं पाणी शिरणार नाही अशी पेटी बनवली आणि कॅमेरा घेऊन तो सरळ लाटांमध्ये शिरला. आता सर्फर लांबचा ठिपका राहिला नाही, समोरून अंगावर येऊ लागला. फिल्म होती कृष्णधवल. म्हणजे केशरी आभाळ वगैरे विसरा. हाताशी फक्त उजेड आणि सावली.

१९३१ मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सनं त्याचं वायकिकीच्या लाटांचं छायाचित्र पानभर छापलं. मथळ्याचा अर्थ होता, मावळतीच्या समुद्रावरचे स्वार. ते पान दातांच्या डॉक्टरकीचं शिक्षण घेणाऱ्या जॉन बॉल या मुलानं पाहिलं आणि तो पार वेडा झाला. दवाखाना सांभाळून त्यानं सर्फर टिपले. १९४६ मध्ये त्याचं ‘कॅलिफोर्निया सर्फरायडर्स’ हे छायाचित्रांचं पुस्तक आलं. मधल्या काळात, १९३५ मध्ये, टॉमचे फोटो नॅशनल जिओग्राफिकमधूनही जगभर पोचले होते.

टॉमनं आणखी एक काम केलं. अखंड लाकडाची जडशीळ सर्फबोर्ड आतून पोकळ करून त्यानं ती हलकी केली, पेटंटही घेतलं. त्यामुळे ज्यांना बोर्ड उचलणंही जमत नव्हतं, तेही पाण्यात उतरायला लागले.

फोटोंनी लोकांना वेड लावलं, हलक्या बोर्डनं त्यांना लाटेवर उभं केलं. हळूहळू वायकिकी हॉटेलांनी आणि पर्यटकांनी भरून गेलं. एकांत जपणारा, पुढे कित्येक दिवस गाडीतच मुक्काम करणारा हा माणूस १९५० च्या दशकात हवाई सोडून निघाला. शेवटची वर्षं त्यानं विस्कॉन्सिनमध्ये काढली आणि १९९४ मध्ये तिथेच तो गेला.

एखादा शांत किनारा सापडला की आपणही फोटोखाली लगेच लोकेशन टाकतो. टॉमच्या वेळी तर तसलं बटणही नव्हतं, तरी गर्दी आलीच.