आधी आपली कणगी
(श्रीब्रह्मचैतन्य गोंदवलेकर महाराज आणि शके 1798चा दुष्काळ)

साताऱ्याहून पंढरीची वाट धरली म्हणजे कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी मागे टाकीत माणूस माणदेशात उतरतो. म्हसवडच्या अलीकडे गोंदवले लागते. तेथे रामरायाचे दर्शन घ्यावे, पंगतीला बसावे आणि पुढची वाट धरावी, असा पुष्कळ वारकऱ्यांचा शिरस्ता आहे. त्या पंगतीत कोणी कोणाला जात विचारीत नाही की गाव विचारीत नाही. पानात पडणाऱ्या या घासामागे एका भयंकर दुष्काळाची हकीकत आहे. ती आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल, म्हणून हे चरित्र सांगावयास घेतले.

श्रीमहाराजांचा जन्म 19 फेब्रुवारी 1845 रोजी, म्हणजे शके 1766च्या माघ शुद्ध द्वादशीस, गोंदवल्यास झाला. वडील रावजीपंत, मातोश्री गीताबाई. घराण्याचे आडनाव घुगरदरे. घरी कुळकर्ण होते, जमीनजुमला होता, आणि त्याहून मोठे धन म्हणजे पंढरीची वारी होती. आजोबा लिंगोपंत हे मोठे विठ्ठलभक्त. रामनामाचा डंका पिटणाऱ्या या पुरुषाचे मूळ असे आपल्याच विठोबाच्या पायाशी आहे. नवव्या वर्षी गणपती गुरूच्या शोधात घरातून निघून गेला, त्याला शोधून परत आणले. पुढे पुन्हा गेला तो येहळेगावच्या तुकामाईंच्या चरणी स्थिर झाला. त्यांनी कसून सेवा घेतली, ब्रह्मचैतन्य हे नाव दिले आणि प्रपंची लोकांना नामाला लावण्याची आज्ञा करून घरी धाडले. बैरागी होऊन वनात बसण्याची ती आज्ञा नव्हती, हे ध्यानात ठेवावे. प्रपंच नेटका करा आणि नामाला विसरू नका, एवढेच त्यांनी जन्मभर सांगितले.

आता त्या काळाकडे पाहू. अमेरिकेत 1861 ते 1865 यादवी युद्ध चालू होते, तेव्हा तिकडचा कापूस विलायतेला जाईना आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकाराने हात सैल सोडला, कुणब्यानेही हात सैल सोडला. लग्ने थाटात झाली. युद्ध संपले, भाव कोसळले, कर्ज मात्र जागच्या जागी राहिले. नव्हे, व्याजाने फुगले. अखेर 1875 साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत लोकांनी सावकारांच्या घरांवर चाल करून खते जाळली. त्याची एक ठिणगी सातारा जिल्ह्यातील कुकरूडपर्यंत येऊन पडली. ते कुकरूड आज सांगली जिल्ह्यात, शिराळे तालुक्यात आहे. यात दोष एकट्या सावकाराचा होता असे मला वाटत नाही. अंगठा उठवताना कुणब्याने खत वाचून घेतले नाही आणि सरकारने साऱ्याचा हप्ता सोडला नाही. पण भोगले ते गरिबानेच. खते जळल्यावर सावकाराने तिजोरी मिटली, आणि नेमका पुढच्याच वर्षी पाऊस गेला.

1876चा तो दुष्काळ माण, खटाव, खानापूर, आटपाडी या पूर्वेच्या पट्ट्यात फार कडक पडला. कणग्यांचा तळ लागला. कडबा संपला तशी दावणीची गुरे गेली. उसने कोणी देईना, कारण देणाऱ्यालाच पुरत नव्हते. सरकारने दुष्काळी कामे काढली, खडी फोडायला लावली, तलाव बांधायला घेतले. माणगंगेवरचा राजेवाडीचा तलाव हे त्या दुष्काळाचेच काम. सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या शिवेवर आजही तो उभा आहे आणि आटपाडीकडच्या रानाला पाणी देतो. तेव्हा सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. पण देण्याची तऱ्हा पाहा. 1877च्या जानेवारीत दिल्लीला व्हिक्टोरिया राणीच्या बादशाही पदवीचा दरबार भरला, आणि त्याच सुमारास इकडे टेंपलसाहेबाच्या सल्ल्याने मजुरी कापली गेली. दिवसभर राबणाऱ्या गड्याला सुमारे अर्धा शेर धान्य आणि वर अर्धा आणा! हजारो माणसे काम टाकून निघून गेली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने अर्जामागून अर्ज केले. उपाशी माणूस खरोखर उपाशी आहे की नाही, याची परीक्षा घेत घेत केलेली ती मदत होती.

श्रीमहाराज त्या वेळी तिशीतले. मठ नव्हता, देणगीदार नव्हते, आजचा शिष्यांचा पसारा नव्हता. होते ते वडिलार्जित शेत आणि घरातले धान्य. पुण्याला अर्ज करायला किंवा साताऱ्याच्या कलेक्टराकडे हात पसरायला ते गेले नाहीत. कोणी जाऊ नये असेही त्यांनी सांगितले नाही. आधी आपली कणगी मोकळी करावी, मग दुसऱ्याच्या कणगीकडे पाहावे, ही त्यांची रीत. लोक दारी आले तेव्हा त्यांनी सदावर्त घातले असते तरी पुण्यच होते. पण त्यांनी तसे केले नाही. सगळ्यांना घेऊन ते आपल्या रानात गेले आणि हाती टिकाव, खोरी, पाट्या दिल्या. या शेतातली माती उकरायची आणि त्या शेतात नेऊन टाकायची, असे काम चालू झाले. संध्याकाळी कामकऱ्यांच्या पानात भाकरी पडे.

आता कोणी हिशेबी माणूस विचारील, की या मातीच्या ने-आणीत नफा काय? पिकाच्या दृष्टीने मोठा नसेलही. पण गड्याहो, माणदेशचा कुणबी मरेल पण भीक मागणार नाही, हे त्या भागातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. फुकट दिलेली भाकरी त्याच्या घशाखाली उतरली नसती. उसनी दिली असती तर पुढच्या सुगीला आणखी एक खत डोक्यावर बसले असते. कामाची भाकरी मात्र मान वर करून खाता येते. मदत तीच, पण घेणाऱ्याच्या डोक्यावर ना ऋण, ना उपकार. मुखी रामनाम तेवढे असावे, हीच काय ती धन्याची अट.

एका घरच्या धान्याने सारा माणदेश जगला असे मी म्हणणार नाही. तसा तो जगला नाही. पुष्कळ माणसे मेली, पुष्कळ परागंदा झाली. तेथे राजेवाडीसारखी मोठी कामे सरकारनेच करावी लागतात. 1879 साली सातारा, पुणे, नगर आणि सोलापूर या जिल्ह्यांसाठी शेतकऱ्याला सावकारी पाशातून सोडविणारा कायदाही सरकारनेच केला. पण कायदा येईपर्यंत मधले दिवस कोणी काढायचे? ते शेजाऱ्यानेच काढायचे असतात. पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी, सांगलीकडचे वि. स. पागे यांनी मागेल त्याला काम देण्याची योजना तासगाव तालुक्यात करून पाहिली. 1972च्या दुष्काळात ती राज्यभर उपयोगी पडली आणि 1977 साली तिचा कायदा झाला. सरकारच्या दप्तरात ही गोष्ट शिरायला एवढा काळ लागला, असो.

श्रीमहाराजांनी घरातही हीच रीत पाळली. पहिली पत्नी सरस्वती निवर्तल्यावर त्यांनी आटपाडीच्या देशपांडे घराण्यातली, दृष्टी नसलेली मुलगी मुद्दाम पाहून पत्करली. जिचा भार उचलायला कोणी पुढे येईना, तिचा भार त्यांनी आपण उचलला. लोक त्यांना आईसाहेब म्हणू लागले. पुढे राममंदिरे झाली, दूरदूरची माणसे येऊ लागली, तरी आलेला माणूस जेवल्याशिवाय जाऊ नये हा नेम सुटला नाही. 22 डिसेंबर 1913 रोजी, मार्गशीर्ष वद्य दशमीस, श्रीमहाराजांनी गोंदवल्यासच देह ठेवला. दर वर्षी त्या तिथीस माणदेशातली माणसे शेतीची कामे टाकून तेथे येतात, आणि पंगती उठतात तशा पुन्हा बसतात.