संत नामदेव

संत नामदेव (२६ ऑक्टोबर १२७० – ३ जुलै १३५०) हे वारकरी संप्रदायातील संतकवी व कीर्तनकार होते. मराठी मुलुखापासून दूर पंजाबात त्यांनी दीर्घकाळ वास्तव्य केले व तेथे त्यांच्या अनुयायांची स्वतंत्र संगत उभी राहिली. वर दिलेले जन्म-समाधीचे दिनांक महाराष्ट्रातील परंपरेनुसार आहेत.

पूर्वायुष्य

नामदेवांचे वडील दामाशेटी व आई गोणाई. घरचा व्यवसाय शिंप्याचा, आडनाव रेळेकर. घराण्याचे मूळ गाव नरसी बामणी हे आजच्या हिंगोली जिल्ह्यात कयाधू नदीच्या काठी असून ते आता नरसी नामदेव या नावाने ओळखले जाते. जन्म नरसीचा की पंढरपूरचा याविषयी मतभेद आहेत. बालपण मात्र पंढरपुरातच गेले. पत्नी राजाई, चार पुत्र आणि जनाबाई अशा मोठ्या कुटुंबाचा उल्लेख त्यांच्या नावावरील अभंगांत येतो. प्रपंचाकडे होणारे दुर्लक्ष व त्यावरून गोणाई आणि राजाई यांनी केलेल्या तक्रारीही या अभंगांत आहेत.

ज्ञानेश्वरादी भावंडांच्या भेटीनंतर गोरा कुंभारांनी त्यांना कच्चे मडके ठरवले, अशी आख्यायिका आहे. त्यानंतर त्यांनी विसोबा खेचर यांचे शिष्यत्व पत्करले. ही गुरुभेट परंपरेने औंढा नागनाथ येथे झाल्याचे मानतात. पूर्णा नदीवरील सिद्धेश्वर धरण याच तालुक्यात आहे. ज्ञानेश्वरांसमवेतची तीर्थयात्रा आणि १२९६ मधील त्यांची आळंदीची समाधी यांचे वर्णन नामदेवांच्या अभंगांत आढळते.

पंजाबातील संगत

ज्ञानेश्वरांच्या समाधीनंतर नामदेव उत्तरेकडे गेले. पंजाबात ते प्रथम भट्टीवाल परिसरात व नंतर आजच्या गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे राहिले. हे वास्तव्य सुमारे वीस वर्षांचे मानले जाते. बहोरदास, लद्धा व जाल्लो ही त्यांच्या तेथील शिष्यांची नावे सांगितली जातात. घुमानच्या देवस्थानाचे बावे स्वतःस बहोरदासांचे वंशज म्हणवतात.

परक्या मुलुखात लोकांशी बोलायचे तर त्यांची भाषा घेणे भाग होते. नामदेवांनी हिंदीत पदरचना केली. गुरू अर्जनदेव यांनी १६०४ मध्ये सिद्ध केलेल्या आदिग्रंथात त्यांची ६१ पदे १८ रागांत समाविष्ट आहेत. पंजाबातील नामदेव व पंढरपूरचे नामदेव भिन्न असल्याचे मत काही अभ्यासकांनी मांडले आहे. परंतु या पदांत विठ्ठलाचे ‘बीठल’ हे नाव येते, शिंपी जातीचा निर्देश येतो आणि नामदेवांकडे देऊळ फिरल्याची कथाही येते; त्यामुळे व्यक्ती एकच हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

घुमानच्या संगतीने मराठी भाषा स्वीकारली नाही व पंढरीची वारीही तिच्या आचारात आली नाही. तिने नामदेवांची वाणी घेतली आणि गुरुमुखी लिपीतून जपली. पंजाबातील शिंपी व रंगारी व्यवसायांतील छिंबा समाजात नामदेवांना विशेष मान आहे. अठराव्या शतकात सरदार जस्सासिंग रामगढिया यांनी घुमानच्या स्थानाचे बांधकाम केले. तेथील तलावाची दुरुस्ती महाराजा रणजितसिंह यांच्या सासू सदाकौर यांनी केली. दरवर्षी माघ महिन्याच्या दुसऱ्या दिवशी तेथे मेळा भरतो.

समाधी

महाराष्ट्रातील परंपरेनुसार नामदेव पंढरपुरास परतले व आषाढ वद्य त्रयोदशी, शके १२७२ रोजी विठ्ठल मंदिराच्या महाद्वारी समाधिस्थ झाले. भक्तांची पायधूळ लाभावी म्हणून त्यांनी पायरीची जागा निवडली, असे सांगतात. तीच ‘नामदेव पायरी’. पंजाबातील परंपरा त्यांचा देहान्त घुमान येथेच झाल्याचे मानते आणि माघाचा मेळा त्याच स्मरणार्थ भरतो. दोन्ही ठिकाणी भाविक आपापल्या समाधिस्थानाचे दर्शन घेतात.

३ ते ५ एप्रिल २०१५ या काळात घुमान येथे ८८वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. संमेलनाध्यक्ष सदानंद मोरे होते.