डॅली मेसेंजर

हर्बर्ट हेन्री मेसेंजर ऊर्फ डॅली मेसेंजर (१२ एप्रिल १८८३ – २४ नोव्हेंबर १९५९) हे ऑस्ट्रेलियाचे रग्बी खेळाडू होते. त्यांनी रग्बी युनियन आणि रग्बी लीग या दोन्ही खेळांत आंतरराष्ट्रीय सामने खेळले. रग्बी लीगमध्ये ते आधी न्यूझीलंडकडून व नंतर ऑस्ट्रेलियाकडून कसोटी सामने खेळले. ऑस्ट्रेलियात व्यावसायिक रग्बी लीगची सुरुवात झाली तेव्हा ते सिडनीतील सर्वांत लोकप्रिय रग्बीपटू होते. ऑगस्ट १९०७मध्ये ते हौशी खेळ सोडून नव्या खेळात आले. हा खेळ सिडनीत रुजण्यामागे हे एक प्रमुख कारण मानले जाते. चाहते त्यांना 'द मास्टर' म्हणत.

कुटुंब व बालपण

मेसेंजर यांचा जन्म सिडनीच्या बालमेन या उपनगरात झाला. घराणे होड्या बांधणाऱ्यांचे आणि वल्हवण्याच्या शर्यती गाजवणाऱ्यांचे होते. आजोबा जेम्स मेसेंजर हे इंग्लंडमध्ये टेम्स नदीकाठी होड्या बांधत आणि १८५४ ते १८५७ या काळात एकेरी वल्हवण्याचे विश्वविजेतेपद त्यांच्याकडे होते. वडील चार्ल्स मेसेंजर हेही नामांकित वल्हेपटू होते. सिडनीच्या डबल बे भागात त्यांचा होड्या बांधण्याचा व्यवसाय होता आणि डॅली यांचे बालपण याच भागात, पाण्याच्या काठी गेले. शिडाच्या होड्या, क्रिकेट आणि रग्बी हे तिन्ही खेळ ते खेळत. धाकटे बंधू वॉली हेही पुढे रग्बी लीगमध्ये ऑस्ट्रेलियाकडून खेळले.

'डॅली' हे टोपणनाव लहानपणीच पडले. बाळसेदार हर्बर्टचे पुढे आलेले पोट पाहून घरच्यांना न्यू साउथ वेल्सचे त्या काळचे प्रसिद्ध राजकारणी विल्यम बीड डॅली यांची आठवण होई, असे सांगितले जाते. पुढे खरे नाव मागे पडले आणि वर्तमानपत्रेही त्यांना डॅली म्हणूनच ओळखू लागली.

रग्बीतील फूट

मेसेंजर यांच्या कारकिर्दीचे महत्त्व समजण्यासाठी त्याआधीचा एक वाद माहीत असणे आवश्यक आहे. इंग्लंडमध्ये रग्बीचा कारभार हौशी खेळाच्या तत्त्वावर चाले आणि खेळासाठी कोणत्याही स्वरूपात पैसे घेणे निषिद्ध होते. लँकेशायर व यॉर्कशायरमधील खेळाडू बहुतांशी गिरण्यांत व खाणींत काम करणारे होते. शनिवारी सामना खेळायचा तर त्या दिवसाचा रोज बुडे. बुडालेला रोज भरून देण्याची उत्तरेकडील क्लबांची मागणी मंडळाने फेटाळली. त्यामुळे २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलात भरलेल्या बैठकीत या क्लबांनी 'नॉर्दर्न युनियन' ही स्वतंत्र संघटना स्थापन केली. पुढील काही वर्षांत तिने खेळाचे नियमही बदलले. १९०६मध्ये संघातील खेळाडूंची संख्या पंधरावरून तेरा करण्यात आली. हाच खेळ नंतर रग्बी लीग या नावाने ओळखला जाऊ लागला.

बारा वर्षांनी हाच प्रश्न सिडनीत उभा राहिला. तेथे रग्बीला प्रचंड गर्दी होई. जुलै १९०७मध्ये न्यू साउथ वेल्स विरुद्ध न्यूझीलंड हा सामना पाहण्यासाठी सिडनी क्रिकेट मैदानावर पन्नास हजारांहून अधिक लोक जमले होते. प्रवेश शुल्काचे उत्पन्न रग्बी मंडळाकडे जाई. खेळाडूला मात्र दुखापत झाली तर उपचाराचा खर्च आणि बुडालेली मजुरी स्वतःच सोसावी लागे. अ‍ॅलेक बर्डन या खेळाडूला दुखापतीनंतर काम करता येईना आणि मंडळाकडून त्याला भरपाई मिळाली नाही, या घटनेने असंतोषाला तोंड फुटले असे मानतात. नाराजी मात्र त्याआधीपासूनच साचत आली होती.

या असंतोषाला संघटित रूप देणाऱ्यांत व्यावसायिक जेम्स जॉइन्टन गिल्टिनन, राजकारणी हेन्री हॉइल आणि कसोटी क्रिकेटपटू व्हिक्टर ट्रंपर हे प्रमुख होते. क्रिकेटच्या इतिहासात शैलीदार फलंदाज म्हणून परिचित असलेल्या ट्रंपर यांचे सिडनीत खेळाच्या साहित्याचे दुकान होते आणि सुरुवातीच्या काही बैठका तेथेच झाल्या. ८ ऑगस्ट १९०७ रोजी जॉर्ज स्ट्रीटवरील बेटमन्स क्रिस्टल हॉटेलात न्यू साउथ वेल्स रग्बी फुटबॉल लीगची स्थापना झाली. ट्रंपर तिचे पहिले खजिनदार होते.

ऑगस्ट १९०७

मेसेंजर यांचा उदय याच सुमारास झाला होता. १९०५मध्ये ते ईस्टर्न सबर्ब्स या युनियन क्लबच्या दुसऱ्या फळीतून खेळत होते. १९०६मध्ये पहिल्या संघात आले आणि १९०७मध्ये न्यू साउथ वेल्स व ऑस्ट्रेलिया या दोन्ही संघांत त्यांची निवड झाली. ते सेंटर या जागी खेळत. न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी दोन कसोटी सामने खेळले. मालिकेतील शेवटचा सामना १० ऑगस्ट रोजी सिडनीत ५–५ असा बरोबरीत सुटला. मेसेंजर यांचा तो अखेरचा अधिकृत युनियन कसोटी सामना ठरला.

त्याच वेळी न्यूझीलंडमधील एक व्यावसायिक संघ नॉर्दर्न युनियनविरुद्ध खेळण्यासाठी इंग्लंडला निघाला होता. वेलिंग्टनमधील टपाल खात्यात नोकरी करणारा तरुण खेळाडू अल्बर्ट बास्करव्हिल याने हा संघ उभा केला होता. न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संघाला 'ऑल ब्लॅक्स' म्हणत. त्यावरून सिडनीच्या वृत्तपत्रांनी पैशासाठी खेळणाऱ्या या संघाला 'ऑल गोल्ड्स' असे उपरोधिक नाव दिले. वाटेत सिडनीत त्यांच्याशी तीन सामने खेळवण्याचे गिल्टिनन यांनी ठरवले. परंतु हौशी मंडळाची मैदाने नव्या संघटनेला मिळणार नव्हती आणि अनोळखी नावांसाठी लोक तिकीट काढतील याची खात्री नव्हती. गर्दी खेचणारा खेळाडू हवा होता आणि तो एकच होता.

गिल्टिनन व ट्रंपर मेसेंजर यांच्या घरी गेले. निर्णय चोवीस वर्षांच्या मुलाने एकट्याने घेतला नाही; आईची संमती निर्णायक ठरली, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. यात धोका उघड होता. नवी लीग टिकेल की नाही हे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि एकदा मोबदला घेतला की युनियनची दारे कायमची बंद होणार होती.

१७, २१ आणि २४ ऑगस्ट रोजी सिडनीच्या कृषी प्रदर्शन मैदानावर हे सामने झाले. पहिल्या सामन्याला सुमारे २०,००० प्रेक्षक आले. नॉर्दर्न युनियनची नियमपुस्तिका सिडनीत उपलब्ध नसल्याने तिन्ही सामने जुन्याच, पंधरा खेळाडूंच्या नियमांनी खेळवण्यात आले. ते तिन्ही पाहुण्यांनी जिंकले. लीगच्या हाती मात्र पुढचा हंगाम उभा करण्याइतके भांडवल आले.

रग्बी मंडळाची कारवाई तत्काळ झाली. मेसेंजर यांच्यावर तहहयात बंदी घालण्यात आली आणि त्यांचे नाव व कामगिरी न्यू साउथ वेल्स रग्बी युनियनच्या नोंदींतून काढून टाकण्यात आली.

न्यूझीलंडच्या संघातील ऑस्ट्रेलियन

सिडनीतील सामने पाहून बास्करव्हिलने मेसेंजर यांना इंग्लंड दौऱ्यावर येण्याचे निमंत्रण दिले. संपूर्ण संघात ते एकमेव ऑस्ट्रेलियन होते. न्यूझीलंडचे खेळाडू तोवर नॉर्दर्न युनियनच्या नियमांनी एकही सामना खेळले नव्हते. नवा खेळ त्यांनी इंग्लंडमध्ये पोहोचल्यावरच शिकला. तरीही त्यांनी ग्रेट ब्रिटनविरुद्धची कसोटी मालिका २–१ अशी जिंकली. लीड्समधील पहिला सामना गमावल्यानंतर लंडनच्या स्टॅम्फर्ड ब्रिज मैदानावरचा दुसरा आणि चेल्टनममधील तिसरा सामना त्यांनी जिंकला. १४६ गुणांसह मेसेंजर दौऱ्यावर सर्वाधिक गुण मिळवणारे खेळाडू ठरले. इंग्लंडमधील काही फुटबॉल क्लबांनीही त्यांना करारबद्ध करण्याचा प्रयत्न केल्याचे सांगितले जाते. ते मात्र सिडनीला परतले.

परतीच्या वाटेवर संघ ऑस्ट्रेलियात खेळला. ९ मे १९०८ रोजी सिडनीत ऑस्ट्रेलियाचा पहिला रग्बी लीग कसोटी सामना न्यूझीलंडशी झाला. काही महिन्यांपूर्वी ज्या संघातून खेळले, त्याच संघाविरुद्ध मेसेंजर आता उभे होते. न्यूझीलंडने तो सामना ११–१० असा जिंकला. त्यानंतर काही दिवसांतच, २० मे रोजी, न्यूमोनियामुळे बास्करव्हिलचा ब्रिस्बेनमध्ये मृत्यू झाला. तो अवघा पंचवीस वर्षांचा होता.

कांगारूंचा पहिला दौरा

दरम्यान २० एप्रिल १९०८ रोजी सिडनीतील क्लबांची पहिली रग्बी लीग स्पर्धा सुरू झाली होती. मेसेंजर यांचा क्लब ईस्टर्न सबर्ब्स हा संस्थापक क्लबांपैकी एक. त्याच वर्षी गिल्टिनन यांनी ऑस्ट्रेलियाचा संघ इंग्लंडला नेला. पुढे 'कांगारू' नावाने प्रसिद्ध झालेल्या दौऱ्यांपैकी हा पहिला. संघाने सोबत एक जिवंत कांगारूही नेला होता; तो इंग्लंडमध्येच मेला. डिनी लुटगे कर्णधार व मेसेंजर उपकर्णधार होते. पहिल्या दोन कसोटी सामन्यांत नेतृत्व मेसेंजर यांच्याकडे होते. लंडनमधील पहिला सामना २२–२२ असा बरोबरीत सुटला, दुसरा ऑस्ट्रेलियाने १५–५ व तिसरा ६–५ असा गमावला.

दौरा आर्थिकदृष्ट्या फसला. हिवाळा कडक होता. लँकेशायरच्या कापडगिरण्यांतील संपामुळे तेथील कामगारांच्या हाती तिकिटापुरतेही पैसे नव्हते. संघाच्या परतीच्या प्रवासाचा खर्च अखेर नॉर्दर्न युनियनला उचलावा लागला आणि गिल्टिनन कर्जबाजारी झाले. मेसेंजर यांनी मात्र १५५ गुण मिळवून पुन्हा एकदा सर्वांना मागे टाकले. सिडनीत परतल्यावर लीगच्या अंतर्गत वादात गिल्टिनन, हॉइल आणि ट्रंपर या तिन्ही संस्थापकांना पदे सोडावी लागली.

लीग तरली ती १९०९च्या अखेरीस. १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकलेल्या युनियन संघातील अनेक खेळाडूंनी पैसे घेऊन कांगारूंशी सामने खेळले आणि त्यामुळे तेही लीगमध्ये आले. दोन वर्षांपूर्वी मेसेंजर यांनी घेतलेला निर्णय आता एकट्याचा राहिला नव्हता. सिडनीतील गर्दीही हळूहळू युनियनकडून लीगकडे वळली.

खेळाची शैली

मेसेंजर यांची उंची सुमारे १७२ सेंमी होती, म्हणजे रग्बीपटू म्हणून ते फारसे धिप्पाड नव्हते. त्यांचा प्रभाव होता तो वेग, अचानक दिशा बदलण्याची हातोटी आणि अचूक लाथ यांमुळे. सीमारेषेजवळून किंवा मैदानाच्या मध्याजवळून जमिनीवर ठेवलेला चेंडू खांबांमधून पार करणे ही त्यांची खासियत होती. त्या काळी ट्रायला तीन व गोलला दोन गुण मिळत, त्यामुळे असा खेळाडू एकट्याच्या बळावर सामना फिरवू शके. बचाव करणाऱ्याच्या डोक्यावरून चेंडू उडवून पलीकडे स्वतःच झेलणे, अडवणाऱ्यावरून उडी मारणे अशा अनेक कथा त्यांच्याविषयी प्रचलित आहेत. त्यांतल्या साऱ्याच पडताळता येत नाहीत. पण ठरावीक साच्यात न बसणारा खेळाडू ही त्यांची ख्याती समकालीनांनी एकमुखाने मान्य केली होती.

ईस्टर्न सबर्ब्स व निवृत्ती

१९१०मध्ये ब्रिटिश संघ प्रथमच ऑस्ट्रेलियात आला, तेव्हा मेसेंजर त्याच्याविरुद्ध खेळले. १९११च्या हंगामात त्यांनी सर्व सामने मिळून २७० गुण मिळवले. त्या वर्षी त्यांच्या नेतृत्वाखाली ईस्टर्न सबर्ब्सने अंतिम सामन्यात ग्लीबला ११–८ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले. त्याच वर्षी त्यांचा विवाह झाला. १९११–१२च्या इंग्लंड दौऱ्यावर जाण्यास त्यांनी नकार दिला. त्यांच्याविना गेलेल्या संघाने क्रिस मॅककिव्हट यांच्या नेतृत्वाखाली ती मालिका जिंकली.

ईस्टर्न सबर्ब्सने १९१२ व १९१३ची विजेतेपदेही पटकावली. सलग तीन विजयांमुळे रॉयल अ‍ॅग्रिकल्चरल सोसायटीची ढाल क्लबच्या कायमच्या मालकीची झाली. क्लबने ती आपल्याजवळ न ठेवता निवृत्त होणाऱ्या मेसेंजर यांना भेट दिली. ही ढाल आता कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

उत्तरायुष्य

निवृत्त झाले तेव्हा मेसेंजर तीस वर्षांचे होते. मैदानावरील यश त्यांना व्यवसायात लाभले नाही. त्यांनी हॉटेले चालवली, क्वीन्सलंडमधील बुडरिम येथे केळीची बाग केली. पण त्यांपैकी कशातच जम बसला नाही. पुढे ते सरकारी बांधकाम खात्यात सुतार म्हणून काम करू लागले. लाकडाचे काम त्यांना वडिलांच्या व्यवसायामुळे लहानपणापासून परिचित होते. उतारवयात अनेक वर्षे त्यांचा मुक्काम सिडनीतील लीग्ज क्लबमध्ये होता. २४ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यू साउथ वेल्समधील गनेडा येथे वयाच्या ७६व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

स्मृती व सन्मान

ऑस्ट्रेलियातील रग्बी लीगच्या हंगामातील सर्वोत्तम खेळाडूला १९८०पासून 'डॅली एम' पदक देण्यात येते. सिडनी क्रिकेट मैदानावरील एका प्रेक्षागृहाला त्यांचे नाव होते. मैदानाच्या नूतनीकरणात ते पाडण्यात आले. जवळच्या सिडनी फुटबॉल स्टेडियमच्या आवारात त्यांचा पुतळा उभारण्यात आला आहे.

१९८१मध्ये सुरू झालेल्या 'इमॉर्टल्स' या सर्वोच्च सन्मानासाठी महायुद्धपूर्व काळातील खेळाडूंचा विचार दीर्घकाळ होत नसे. तो निकष बदलल्यावर २०१८मध्ये फ्रँक बर्ज, डेव्ह ब्राउन, नॉर्म प्रोव्हन आणि मॅल मेनिंगा यांच्यासह मेसेंजर यांचा त्यात समावेश करण्यात आला. त्यापूर्वी २००७मध्ये, बंदीला शंभर वर्षे झाली तेव्हा, न्यू साउथ वेल्स रग्बी युनियनने त्यांचे नाव आपल्या नोंदींत पुन्हा समाविष्ट केले होते.